पायांच्या फुगलेल्या शिरा: घोट्यावरचा दाब उतरवायचा कसा

व्हेरिकोज व्हेन्सची तक्रार घेऊन आलेला माणूस शीर दाखवतो. मांडीवरची, गुडघ्यामागची, पोटरीवरची निळी-हिरवी वेटोळी. जाणकार डॉक्टर मात्र आधी घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी बघतो. तिथे काळपट डाग पडलाय का, खाज येते का, कातडी ताठ आणि चकचकीत झालीय का, यावर पुढचं बरंचसं ठरतं. शीर करंगळीएवढी जाड असली तरी घोटा स्वच्छ असेल, तर सवडीने विचार करायला वाव असतो. शीर जेमतेम दिसते पण घोटा काळवंडलाय, तर आधीच उशीर झालेला असतो.

असं का, ते समजलं तर उपायांची निवड सोपी जाते. स्वस्थ उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत ८० ते ९० मिमी पारा इतका दाब असतो, कारण हृदयापासून खालपर्यंतच्या रक्ताचा सगळा भार तिथे येतो. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू आखडतात, त्यांच्यामधल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर जातं. शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. निरोगी पायात काही पावलांतच हा दाब ३० च्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. झडपा नीट मिटत नसतील, तर कितीही चाललं तरी तो हवा तितका उतरत नाही. फुगलेली शीर, संध्याकाळची सूज, खाज, काळा डाग आणि शेवटी न भरणारी जखम, ही सगळी त्या न उतरलेल्या दाबाची फळं आहेत.

त्यामुळे कोणताही उपाय कुणी सुचवला की एकच प्रश्न विचारायचा: यानं उभं असताना आणि चालताना घोट्यावरचा दाब कमी होतो का? तेल जिरवून होत नाही. जळवा लावून रक्त काढलं तर शीर थोडा वेळ बसते, पण झडप तशीच असते, म्हणून उभं राहिल्यावर ती पुन्हा भरते. भिंतीला पाय लावून झोपल्यावर दाब नक्की उतरतो, पण उठेपर्यंतच. पोटरीला नीट मापाचा दाबाचा मोजा घातला तर होतो. बिघडलेली शीर बंद केली तरी होतो.

पाय बघायचा तो उभं राहून

झोपलेल्या माणसाच्या शिरा रिकाम्या होतात आणि काहीच दिसत नाही. चांगल्या उजेडात पाच मिनिटं उभं राहा, मागची बाजू दुसऱ्या कुणाला बघायला सांगा किंवा मोबाइलवर फोटो काढून घ्या. मांडीच्या आतून घोट्यापर्यंत उतरणारी शीर ही बहुधा सर्वांत लांब वरवरच्या शिरेची, म्हणजे ग्रेट सॅफेनसची, शाखा असते. गुडघ्यामागून पोटरीवर उतरणारी असेल तर स्मॉल सॅफेनसची शंका घ्यायची.

डॉक्टरांच्या कागदावर ‘सी’ आणि पुढे आकडा दिसतो. ती पायाची पायरी आहे. सी-१ म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा, ३ मिमीपेक्षा कमी. सी-२ म्हणजे ३ मिमी किंवा त्याहून जाड, फुगलेल्या. सी-३ ला सूज येते. सी-४ ला कातडी बदलते: काळपट डाग, इसब, मग टणकपणा. सी-५ म्हणजे भरून आलेली जखम आणि सी-६ म्हणजे उघडी जखम. आपला पाय सी-४ ला पोचला असेल, तर ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ हे म्हणणं सोडून द्यायचं. या आजारात दुखणं आणि बिघाड यांचा मेळ बसतोच असं नाही. कोळ्याच्या जाळ्यांनी कुणी हैराण असतो आणि कुणी सी-४ घेऊन वर्षानुवर्षं कामाला जातो.

सूज तपासायला घोट्याच्या वर नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. उचलल्यावर खड्डा राहिला तर पाणी साठलंय. पण प्रत्येक खड्डा शिरेचा नसतो. दोन्ही पाय सारखेच सुजत असतील, तर हृदय, मूत्रपिंड, यकृत आणि थायरॉइड आधी बघायला हवं. ब्लडप्रेशरची गोळी अ‍ॅम्लोडिपिन असेल तर तिनंही घोटे सुजतात, आणि ही गोष्ट इतकी सर्रास निसटते की चिठ्ठी सोबत नेलेली बरी. (गोळी मनाने बंद करायची नाही, डॉक्टर ती बदलून देऊ शकतात.) नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या हत्तीरोगाच्या पट्ट्यात आणखी एक तपासणी करावी: पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून बघा. चिमटीत येत नसेल, आणि पावलाचा वरचा भाग व बोटंही सुजलेली असतील, तर दोष लसीकेचा, म्हणजे लिम्फच्या वाहिन्यांचा, असण्याची शक्यता जास्त. शिरेच्या सुजेत बोटं बहुधा वाचतात.

डॉपलर: कसा झाला, हे रिपोर्टाइतकंच महत्त्वाचं

निदानाची खरी तपासणी एकच, पायाच्या शिरांचा कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. चिठ्ठीवर ‘व्हीनस’ लिहिलंय याची खात्री करा. ‘आर्टिरियल’ डॉपलर वेगळा, तो धमन्यांचा. तपासणीच्या वेळी पेशंटला उभं करून, वजन दुसऱ्या पायावर द्यायला सांगून, पोटरी हाताने दाबून सोडतात आणि रक्त उलटं किती वेळ वाहतं ते मोजतात. वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त, आणि मांडी व गुडघ्यामागच्या खोल शिरेत एका सेकंदापेक्षा जास्त उलटा प्रवाह म्हणजे झडप गळते. सगळी तपासणी आडवं झोपवूनच उरकली असेल, तर गुठळी नाही एवढं कळेल. गळतीबद्दलचा निष्कर्ष धरून चालू नये. पैसे देण्याआधी ‘उभं राहून करणार ना?’ हे विचारायला संकोच नको.

रिपोर्टमध्ये या गोष्टी असायला हव्यात: खोल शिरा मोकळ्या आहेत का, त्यात जुनी किंवा नवी गुठळी आहे का, जांघेत सॅफेनस शीर खोल शिरेला मिळते तिथे गळती आहे का, सॅफेनस शिरेची जाडी वेगवेगळ्या जागी किती मिमी, गुडघ्यामागे स्मॉल सॅफेनस खोल शिरेला मिळते तिथे काय, खोल आणि वरवरच्या शिरांना जोडणाऱ्या पर्फोरेटर शिरा गळतात का आणि टाचेपासून किती सेंटिमीटरवर. नुसतं ‘व्हेरिकोसिटीज दिसतात’ असं लिहिलेल्या रिपोर्टावर लेझरने शीर बंद करून घेऊ नका. ते तर डोळ्यांनीही दिसत होतं.

मोजे: इथेच निम्मे पैसे वाया जातात

दाबाचे स्टॉकिंग्ज घेण्याआधी पायाला रक्त नीट पोचतं का, ते बघावं लागतं. विडी-सिगारेट ओढणारे, मधुमेही, साठीच्या पुढचे, किंवा थोडं चाललं की पोटरी भरून थांबावं लागणारे, यांच्या धमन्या अरुंद असू शकतात. अशा पायावर मोजा चढवला तर कातडी मरू शकते. त्यासाठी घोट्याला मोजलेल्या ब्लडप्रेशरचा वरचा आकडा भागिले दंडाच्या ब्लडप्रेशरचा वरचा आकडा, असं गुणोत्तर काढतात. घोट्याला ११० आणि दंडाला १३० असेल तर ०.८५. साधारणपणे ०.८ च्या वर पूर्ण दाब चालतो, ०.५ ते ०.८ मध्ये कमी दाब आणि तोही देखरेखीखाली, ०.५ च्या खाली मुळीच नाही. १.३ च्या वर आकडा आला तर खूश व्हायचं कारण नाही. मधुमेहात धमनीत चुना साठून ती दबत नाही, म्हणून आकडा खोटा वर जातो. मग वेगळी तपासणी लागते.

आता दाब किती घ्यायचा. पाकिटावर क्लास १, २, ३ लिहिलेलं असतं, पण त्यावर विसंबू नका. जर्मन मापात क्लास १ म्हणजे १८ ते २१, क्लास २ म्हणजे २३ ते ३२ आणि क्लास ३ म्हणजे ३४ ते ४६ एमएमएचजी, म्हणजे मिमी पारा. ब्रिटिश मापात क्लास २ म्हणजे १८ ते २४, म्हणजे जर्मन क्लास १ च्या आसपासच. त्यामुळे दुकानात क्लास मागण्याऐवजी आकडा बघा. नुसता जडपणा आणि थोडी सूज असेल तर १८-२१ पुरतो. कातडी बदललेली असेल किंवा जखम भरून गेलेली असेल तर २३-३२ किंवा जास्त, हे डॉक्टर ठरवतील. ऑपरेशननंतर पलंगावर पडून असलेल्यांना घालतात ते पांढरे मोजे घोट्याला साधारण १८ चाच दाब देतात. ते झोपलेल्या माणसासाठी असतात. घरात पडलेत म्हणून तेच घालून दिवसभर उभं राहण्यात अर्थ नाही.

माप सकाळी घ्यायचं, अंथरुणातून उठल्याउठल्या, सूज यायच्या आत. घोट्याच्या हाडाच्या किंचित वर पाय जिथे सर्वांत बारीक असतो तिथला घेर, पोटरीचा सर्वांत जाड घेर, आणि जमिनीपासून गुडघ्याच्या वळीखालपर्यंतची उंची. दोन्ही पायांचं वेगवेगळं. दुकानदार चपलेचा नंबर विचारून मोजा काढून देत असेल तर दुसरं दुकान गाठा. घोट्याचं माप एका साइझमध्ये आणि पोटरीचं दुसऱ्या साइझमध्ये पडत असेल, तर मापाने बनवून घ्यावे लागतात. बहुतेकांना गुडघ्याखालचे मोजे पुरतात. मांडीपर्यंतचे घसरतात, उकडतात आणि महिन्याभरात कपाटात जातात. आपल्याकडच्या दमट हवेत पुढून उघडे, बोटं मोकळी ठेवणारे घेतले तर अंगठ्याची चप्पलही घालता येते.

घालायची पद्धत चुकते म्हणून अनेक जण ‘मला ते जमत नाही’ म्हणून सोडून देतात. पाय कोरडा हवा. क्रीम रात्री लावा, सकाळी नाही. पैंजण, जोडवी, हातातल्या अंगठ्या काढून ठेवा. नखं कापलेली असू द्या, आणि टाचेला भेगा असतील तर त्या आधी घासून मऊ करा, कारण मोज्याचा धागा भेगेत अडकला की तिथेच फाटतो. भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला. बोटांनी ओढण्यापेक्षा तळहाताने सरकवणं सोपं होतं.

मोज्यात हात घालून टाचेची जागा आतून चिमटीत धरा आणि पोटरीचा भाग उलटा करा, म्हणजे पावलाचा भाग आत राहील. दोन्ही अंगठे त्यात घालून तोंड रुंद करा, पाऊल आत सरकवा आणि टाच टाचेच्या जागी नीट बसेपर्यंत पुढे जाऊ नका. टाच फिरली तर पुढचा सगळा मोजा फिरतो. मग उलटा केलेला भाग घोट्यावरून वर पलटवा आणि तळहाताने थोडा थोडा वर चढवत न्या. वरची कड पकडून एकदम खेचायचं नाही. तसं केलं की वरचा भाग ताणून बसतो, घोट्याशी सैल राहतो, आणि जिथे दाब सर्वांत जास्त हवा तिथेच तो कमी पडतो. कड गुडघ्याच्या वळीपासून दोन बोटं खाली ठेवा. उरलेला भाग दुमडायचा नाही: दोन थर झाले की दाब जवळपास दुप्पट होतो आणि परकराची नाडी काचावी तसा तो पोटरीला काचतो. घोट्यासमोर सुरकुती राहिली तर तिथे कातडी फाटते, म्हणून शेवटी हात फिरवून बघा. पुढून उघडा मोजा असेल तर पावलाला आधी गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी घाला, मोजा तिच्यावरून सरकवा आणि पिशवी बोटांकडून ओढून काढा.

सकाळी उठल्यावर घालायचा, रात्री झोपताना काढायचा. उठून तासभर झाला असेल तर दहा मिनिटं पाय उंच करून झोपा, मग घाला. पहिले चार-पाच दिवस काही तासच घालून सवय करा. रोज हाताने, सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, सावलीत वाळवा. कपडे मऊ करणारं द्रव्य आणि कडक ऊन दोन्ही लवचिकपणा मारतात. दोन जोड आलटून पालटून वापरले तरी सहा महिन्यांत दाब उतरतो. सहज चढू लागलेला मोजा म्हणजे बहुधा संपलेला मोजा. बोटं निळी पडली, मुंग्या आल्या, रात्री पाय ठणकला, तर लगेच काढा.

आणि एक हिशेब: एप्रिल-मेच्या उकाड्यात २३-३२ चा मोजा सहन होत नसेल तर १८-२१ चा दिवसभर घातलेला जास्त उपयोगी. कपाटातल्या मोज्याचा दाब शून्य.

दिवसभराचं उभं राहणं

वाहतूक पोलीस, बसचे कंडक्टर, न्हावी, शिक्षक, दुकानातल्या सेल्सगर्ल, पोळ्या लाटणाऱ्या बायका, यांना ‘उभे राहू नका’ सांगणं म्हणजे काम सोडा सांगणं. त्यापेक्षा उभं राहण्यात पोटरी हलवत ठेवणं जमतं. दर अर्ध्या तासाने टाचा उचला: दोन सेकंदांत वर, दोन सेकंदांत खाली, पंधरा वेळा. ओट्यापाशी बुटकं लाकडी स्टूल ठेवून पाय आलटून पालटून त्यावर ठेवा. खुर्चीत बसूनही पाय लोंबकळत राहिले तर दाब बराच राहतो. बसल्या जागी पंजा वर-खाली करत राहा. उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय ठेवण्याची तरतूद कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४४ मध्ये होती; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्येही ती आहे. कारखान्यात काम करणाऱ्यांनी ती व्यवस्थापनाला जरूर दाखवावी.

संध्याकाळी पाय उंच करायचे तर घोटे छातीच्या वर जायला हवेत. समोरच्या खुर्चीवर पाय ठेवणं ही नुसती विश्रांती. रात्रीसाठी पलंगाच्या पायथ्याच्या दोन पायांखाली आडव्या दोन-दोन विटा रचल्या की साधारण १५ सेंटिमीटर उंची मिळते. उशा रात्रीतून सरकतात, विटा सरकत नाहीत. हृदयाचा आजार असेल, झोपल्यावर दम लागत असेल, तर हे विचारून करा.

चालणं उत्तम, पोहणं उत्तम. घोटा मात्र मोकळा हवा. टणक कातडीत घोटा आखडला की पोटरीचा जोर असूनही पंप चालत नाही. म्हणून चालण्याइतकाच घोटा गोल फिरवणं आणि पंजा नडगीकडे खेचणं हाही व्यायाम धरा.

औषधांबद्दल थोडक्यात. डायोस्मिन आणि हेस्पेरिडिनच्या गोळ्यांनी जडपणा, सूज, गोळे यांत काहींना आराम पडतो. त्यांनी झडप दुरुस्त होत नाही, फुगलेली शीर बसत नाही. पाणी काढून टाकणाऱ्या गोळ्या नुसत्या शिरेच्या सुजेसाठी घेत राहणं चूक आहे. अंगातलं पाणी कमी होतं, घोट्यावरचा दाब तसाच राहतो.

शिरेतून रक्त उडालं तर

घोट्याजवळची पातळ झालेली शीर अंघोळीत, खाजवताना किंवा साडीच्या काठाने घासूनही फुटते. दुखत नाही, आणि रक्त मात्र धारेने जातं. माणूस घाबरून नळाखाली पाय धरून उभा राहतो किंवा मदत शोधत चालत सुटतो. तेच जिवावर बेतू शकतं, कारण उभं असताना त्या भोकावर वरच्या सगळ्या रक्ताच्या स्तंभाचा दाब असतो.

जागच्या जागी जमिनीवर आडवे व्हा. पाय भिंतीला, बादलीवर, कुणाच्या खांद्यावर, जमेल तितका उंच करा. स्वच्छ फडकं त्याच ठिकाणी दाबून धरा, सलग पंधरा मिनिटं, मधे उघडून न बघता. वर दोरी किंवा रुमाल आवळून बांधायचा नाही; त्याने शिरेचं रक्त वर जायचं थांबतं आणि खालचा दाब उलट वाढतो. थांबलं की घडी तशीच ठेवून बँडेज बांधा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. थांबत नसेल तर १०८. एकदा फुटलेली शीर पुन्हा फुटते, म्हणून हा पेशंट लेझरच्या रांगेत पुढे घ्यायचा असतो.

दुसरा प्रसंग गुठळीचा. वरवरच्या शिरेत दोरीसारखी कडक, लाल, गरम, दुखरी रेघ उठली, तर ती बहुधा जंतूची बाधा नसते. त्यामुळे अँटिबायोटिकने तिचं काही होत नाही. ती चोळायचीही नाही. ताबडतोब डॉपलर करून गुठळी किती लांब आहे आणि जांघेच्या किती जवळ पोचली आहे ते बघावं लागतं, त्यावर रक्त पातळ करणारं औषध ठरतं. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, किंवा यांच्या जोडीला दम लागला, छातीत दुखलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

घोट्याची जखम

शिरेच्या दोषाची जखम बहुधा घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या थोडी वर होते. उथळ, पसरट, ओली, कडा वेड्यावाकड्या, भोवती काळी कातडी. ती महिनोन्‌महिने भरत नाही याचं कारण मलम चुकीचं होतं म्हणून नव्हे. दाब उतरवलेलाच नसतो. नुसतं ड्रेसिंग करत राहिलं तर वर्षही निघतं.

बादलीला आतून स्वच्छ प्लास्टिकची पिशवी लावून कोमट नळाच्या पाण्यात पाय धुवा. हळद, चुना, तंबाखू, टूथपेस्ट, हायड्रोजन पेरॉक्साइड काही नको. नव्या पेशी त्यांनीच मरतात. निओमायसिन असलेली पावडर आणि मलमं या कातडीला फार लवकर बाधतात आणि भोवती इसब उठतं. मग जखम वाढली असं वाटून आणखी तेच लावलं जातं. भोवतीच्या कोरड्या कातडीला साधं पेट्रोलियम जेली लावा. जखमेवर पॅराफिन गॉज ठेवा, त्यावर गॉजची घडी. कापूस थेट लावायचा नाही, धागे चिकटून राहतात. अँटिबायोटिक फक्त भोवती लाली पसरत असेल, ताप असेल, वास आणि ठणका अचानक वाढला असेल तरच.

यावर बँडेज, आणि तेही धमन्यांचं गुणोत्तर बघितल्यावरच. आधी बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत कापसाचा पातळ थर द्या, नडगीवर आणि घोट्याच्या हाडांवर थोडा जास्त. सारख्याच ताणाने गुंडाळलं तरी बारीक घेराच्या जागी दाब जास्त पडतो, आणि हाडाच्या टोकावर तर फारच. कापूस तो घेर वाढवतो. मग १० सेंटिमीटर रुंद बँडेज. पाऊल काटकोनात धरायला सांगा, बोटांच्या मुळापासून सुरू करा, पावलाला दोन वेढे, टाच पूर्ण झाकून वर जा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा यायला हवा आणि ताण सगळीकडे एकच. गुडघ्याखाली दोन बोटांवर थांबा. घोट्यापासून सुरू केलं तर पाऊल फुगतं. टाच उघडी राहिली तर तिथे सुजेचा गोळा येतो. साधं क्रेप बँडेज दिवसभरात सैल पडतं, म्हणून रोज सकाळी नव्याने बांधा. दवाखान्यात बांधतात त्या चार थरांच्या बँडेजचा उद्देश घोट्याला साधारण ४० एमएमएचजी दाब देण्याचा असतो, आणि ते आठवडाभर राहू शकतं.

पारदर्शक प्लास्टिकवर पेनाने जखमेची कड रेखून तारीख टाका, दर आठवड्याला नवी रेघ. चार आठवड्यांत आकार ठळकपणे कमी होत नसेल तर बँडेज, धमन्या आणि निदान, तिन्ही पुन्हा तपासायला हवीत. कडा उचललेल्या आणि वाढत्या असतील तर तुकडा काढून कर्करोग नाही ना, ते बघतात.

जखम भरेपर्यंत लेझरसाठी थांबायचं, ही जुनी चाल होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एव्हरा चाचणीत बँडेजसोबत लगेच शीर बंद केलेल्यांपैकी निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. थांबलेल्यांमध्ये निम्म्यांच्या भरायला ८२ दिवस लागले. दोन आठवडे मलमपट्टी करूनही जखम हटत नसेल तर शिरांच्या सर्जनकडे जायला हेच कारण पुरेसं आहे.

शीर बंद करायची ठरली तर

ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस संस्थेने २०१३ मध्ये घालून दिलेला क्रम आजही व्यवहारात उपयोगी आहे: आधी उष्णतेने बंद करणं, म्हणजे लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सी, ते जमत नसेल तर फोम इंजेक्शन, म्हणजे फेसाळ औषध टोचून शीर बंद करणं, तेही नसेल तर शीर काढायचं ऑपरेशन. ज्यांना हे करता येतं त्यांना नुसत्या मोज्यांवर ठेवू नये, असंही तिथे म्हटलं आहे. लेझरमध्ये गुडघ्याच्या आसपास सुईच्या भोकातून तार घालतात, शिरेभोवती पातळ केलेलं भूल देणारं सलाइन भरतात आणि तार मागे घेत शीर आतून भाजून बंद करतात. ते सलाइन भूल तर देतंच, शिवाय कातडी आणि मज्जातंतूंना भाजण्यापासून वाचवतं. घाईघाईत कमी भरलं की बधिरपणा राहतो. गुडघ्याखाली मज्जातंतू शिरेला लागून असतो, म्हणून तिथे खालपर्यंत भाजण्याचा मोह टाळलेला बरा. शीर फार वेडीवाकडी असेल तर तार जात नाही. तिथे फोम किंवा बारीक छेदांतून शीर काढणं.

सर्जनला विचारायचे प्रश्न: गळती नेमकी कुठून आहे, तीच शीर बंद करणार का, राहिलेल्या गाठी त्याच वेळी काढणार की नंतर, खोल शिरा मोकळ्या आहेत ना, आणि खर्चात नंतरचा डॉपलर धरलाय का. विमा असेल तर आधी कागद वाचा. अनेक पॉलिसींमध्ये या आजाराला पहिली दोन वर्षं संरक्षण नसतं. गरोदरपणात उठलेल्या शिरा बाळंतपणानंतर बऱ्याच बसतात, म्हणून तीन महिने उलटल्याशिवाय निर्णय नको, तोवर मोजे.

झाल्यावर त्याच दिवशी चालायचं, दिवसातून अनेकदा. आठवड्याभराने मांडीत आतून दोरी ओढल्यासारखं वाटतं आणि हात लावला तर दुखतं. ती बंद झालेली शीर आहे, बहुधा दोन-तीन आठवड्यांत सैल पडते. निळे डाग जातात, फोमचे तपकिरी डाग मात्र काही महिने रेंगाळतात. पोटरी सुजली किंवा दम लागला तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता परत जा. लांबचा विमानप्रवास पहिले काही आठवडे टाळा. काही वर्षांनी दुसऱ्या शाखेत नव्या शिरा दिसल्या तर आधीचं काम फसलं असं लगेच धरू नका. जुना रिपोर्ट सोबत घेऊन उभ्याने पुन्हा डॉपलर करा, आणि आधी घोट्याची कातडी तपासून घ्या.